व्यक्तिमत्त्व चाचणीवर भरवसा किती ठेवावा, आणि देव न मानण्याशी तिचा संबंध काय?

विचारणारा तरुण आहे. त्याने इंटरनेटवर एक फुकट व्यक्तिमत्त्व चाचणी दिली, निकाल आला ‘आयएनटीजे’, म्हणजे स्वभावाचा चार अक्षरांत सांगितलेला एक प्रकार. खाली वर्णन होतं की ही माणसं तर्काने चालतात आणि त्यांच्यात नास्तिक जास्त असतात. तो स्वतः काही वर्षांपासून देव मानत नाही. घरचे म्हणतात, “तुझा स्वभावच हेकट, म्हणून तुला देव पटत नाही.” आता चाचणीही तेच सांगतेय असं त्याला वाटू लागलंय. त्याचे प्रश्न तीन आहेत: या चाचण्या विश्वासार्ह असतात का, अश्रद्धा स्वभावातून येते का, आणि एखादी चांगली चाचणी पुन्हा द्यावी का.

समुपदेशनाचं काम मी 22 वर्षं करते आहे. त्यातला बराच वेळ चाचण्या घेण्यात, तपासण्यात आणि लोकांना त्यांचे निकाल समजावण्यात गेलाय. म्हणून आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. तुम्ही दिलेली चाचणी करमणूक म्हणून ठीक आहे. चांगल्या चाचण्या बऱ्यापैकी भरवशाच्या असतात. स्वभावाचा आणि अश्रद्धेचा संबंध संशोधनात दिसतो, पण तो इतका बारीक आहे की त्यावरून एखाद्या माणसाबद्दल काही ठरवू नये. आणि त्या बारीक संबंधातलाही काही भाग चाचणीच्या प्रश्नांतूनच आलेला असतो. हे शेवटचं सहसा कुणी सांगत नाही, म्हणून त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

आधी ‘विश्वासार्ह’ या शब्दाबद्दल. आमच्या धंद्यात त्याचे दोन तुकडे करतात. एक विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजलं तर साधारण तेच यायला हवं. दुसरी सप्रमाणता, म्हणजे जे मोजतो असं म्हणता तेच मोजलं जायला हवं. तुमच्या बुटाचा नंबर मी दहा वेळा विचारला तर दहाही वेळा तोच सांगाल. विश्वसनीयता उत्तम! पण त्यावरून मी तुमचा प्रामाणिकपणा ठरवू लागले तर तुम्ही उठून जाल.

तुमची चाचणी ज्या कुळातली आहे त्या एमबीटीआयचा (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) पाया कार्ल युंग यांच्या 1921 सालच्या व्यक्तिमत्त्व-प्रकारांवरच्या ग्रंथात आहे. युंग यांनी प्रश्नावली बनवली नव्हती. ती बनवली कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी. दोघींचंही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण झालेलं नव्हतं. एवढ्यावरून काम वाईट ठरत नाही. खरी अडचण मांडणीत आहे. अंतर्मुख-बहिर्मुख, तर्क-भावना अशा चार जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक अक्षर तुमच्या वाट्याला, एकूण सोळा खोके. आता माणसं खरोखर अशी दोन कळपांत विभागलेली असती तर गुणांच्या आलेखाला दोन उंचवटे दिसले असते. तसं दिसत नाही. उंचवटा एकच असतो आणि तोही मध्यभागी. म्हणजे बहुसंख्य लोक नेमके तिथे उभे असतात जिथे चाचणी सुरी फिरवते. 49 गुणवाला एका खोक्यात, 51 वाला दुसऱ्यात, आणि 51 वाला व 95 वाला मात्र एकाच खोक्यात.

परिणाम काय होतो ते साध्या गुणाकारात दिसतं. समजा दुसऱ्या वेळी प्रत्येक अक्षर तेच राहण्याची शक्यता 85 टक्के आहे. ऐकायला बरं वाटतं. पण अक्षरं चार आहेत. 0.85 ला चार वेळा गुणा, उत्तर 0.52 येतं. म्हणजे जवळपास निम्म्या लोकांचं निदान एक अक्षर बदलणार. प्रत्यक्षातले आकडेही याच्या आसपास आहेत. डेव्हिड पिटेंजर यांनी 1993 मध्ये या चाचणीचा आढावा घेतला, त्यात पाच आठवड्यांच्या अंतराने निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदलल्याचं नोंदवलं आहे. माझ्याकडे एक मुलगा असाच निकालाचा कागद घेऊन आला होता, चार अक्षरं मार्करने ठळक केलेली. दीड महिन्याने तीच चाचणी त्याने पुन्हा दिली आणि ‘टी’चा ‘एफ’ झाला. तर्कप्रधानाचा भावनाप्रधान! मध्यंतरी झालं एवढंच होतं की त्याची परीक्षा संपली होती आणि झोप नीट होऊ लागली होती.

मग वर्णन इतकं तंतोतंत का वाटतं? 1948 मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘त्याचं’ वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. ‘तुम्हाला लोकांची मान्यता हवी असते, पण तुम्ही स्वतःबाबत कठोर असता’ हे कुणाला लागू पडत नाही?

आता चांगल्या चाचण्या. संशोधनात सध्या सर्वांत जास्त चालतो तो पाच घटकांचा नमुना. तो कुणा एकाच्या डोक्यातून निघालेला नाही, शब्दकोशातून निघालाय. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी 1936 मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द काढले. मागाहून अनेकांनी ते गाळत, एकत्र जाणारे शब्द गोळा करत पाच मोठे गट गाठले: बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांबाबतचा खुलेपणा. इथे खोके नाहीत, पट्ट्या आहेत, आणि तुम्ही प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असता. 1989 मध्ये मॅक्रे आणि कोस्टा यांनी दाखवलं की एमबीटीआयच्या चार जोड्या याच पाचांपैकी चारांशी जुळतात. पाचवा, भावनिक अस्थिरतेचा, तिथे नाहीच. वाचून सगळ्यांना बरं वाटतं याचं एक कारण तेही आहे.

या पट्ट्या किती स्थिर? रॉबर्ट्स आणि डेलव्हेकियो यांनी 2000 साली अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले. लोकांचा आपसातला क्रम टिकण्याचं मोजमाप (1 म्हणजे क्रम अजिबात बदलला नाही) बालपणी 0.31, कॉलेजच्या वयात 0.54, तिशीत 0.64, आणि पन्नाशीनंतर 0.74 च्या आसपास. म्हणजे तुमच्या वयात स्वभाव अजून ओला आहे. शिक्का मारायची घाई नको.

चांगल्या चाचणीलाही चूक-मर्यादा असते. समजा सरासरी 50 आणि प्रमाण विचलन (म्हणजे गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) 10 अशी पट्टी आहे आणि विश्वसनीयता 0.80 (1 म्हणजे चूक अजिबात नाही). तुम्हाला 55 मिळाले तर खरा आकडा साधारण 46 ते 64 मध्ये कुठेतरी असेल. ‘सरासरीहून किंचित कमी’ पासून ‘बराच जास्त’ पर्यंत सगळं त्यात मावतं. जो अहवाल हा पट्टा न दाखवता नुसता 55 दाखवतो, त्याच्यावर मी पैसे घालवणार नाही.

एवढं समजून घेऊन श्रद्धेकडे येऊ.

बेल्जियमचे व्हासिलिस सारोग्लू यांनी 2010 मध्ये 19 देशांतल्या 71 नमुन्यांचे, एकूण 21,715 लोकांचे निष्कर्ष एकत्र केले. धार्मिकतेशी सातत्याने जोडलेले दोनच गुण निघाले: मनमिळाऊपणा आणि कर्तव्यदक्षता. सहसंबंध 0.20 च्या आगेमागे (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). हा आकडा म्हणजे काय ते नीट बघा. मनमिळाऊपणात वरच्या अर्ध्यात असलेली 100 माणसं घेतली, तर 0.20 च्या हिशेबाने त्यातली साधारण 56 धार्मिकतेतही वरच्या अर्ध्यात सापडतील. नाणं उडवून 50 सापडली असती. सहा माणसांचा फरक. संशोधकाला तो महत्त्वाचा असतो, कारण तो देशोदेशी पुन्हापुन्हा दिसतो. पण तुमच्या घरच्यांनी त्यावरून तुमची कुंडली मांडणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं आहे.

शिवाय यात ‘अश्रद्ध’ कोण? बहुतेक अभ्यासांत नास्तिकांना वेगळं बोलावून मोजलेलं नसतं. धार्मिकतेच्या पट्टीवर ज्याचे गुण कमी, तो त्या टोकाला. प्रार्थनेला जायचा कंटाळा करणारा आस्तिक आणि विचारपूर्वक देव नाकारलेला माणूस दोघं शेजारी-शेजारी बसतात. ज्याला हा प्रश्नच महत्त्वाचा वाटत नाही तोही तिथेच. ‘देव नाही असं मानणारे’ आणि ‘देवाशी देणंघेणं नसलेले’ यांचे स्वभाव एकसारखे का असावेत?

आता तो प्रश्नपत्रिकेचा मुद्दा. पाच घटकांची सर्वांत प्रसिद्ध सविस्तर चाचणी 240 विधानांची आहे, 1992 ची. प्रत्येक घटकाचे सहा उपघटक, प्रत्येक उपघटकाला आठ विधानं, प्रत्येक विधानाला 0 ते 4 गुण. ‘खुलेपणा’ या घटकात मूल्यांचा एक उपघटक आहे आणि त्यात साधारण अशा आशयाचं विधान आहे की नैतिक बाबतींत निर्णयासाठी धर्मातल्या अधिकारी व्यक्तींकडे पाहावं. गुणांकन उलटं आहे. पूर्ण सहमत झालात की शून्य, पूर्ण असहमत झालात की चार.

अनेक वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका माझ्यासमोर ही चाचणी भरत होत्या. बाई मनापासून श्रद्धाळू. निवृत्तीनंतर दोन नव्या भाषा शिकलेल्या, चित्रकलेचे वर्ग लावलेले, एकट्या प्रवास करणाऱ्या. भराभर खुणा करत चालल्या होत्या, आणि या विधानावर पेन्सिल थांबली. मला म्हणाल्या, “याला हो म्हटलं तर मी संकुचित ठरणार का हो?” नियमाप्रमाणे मी सांगितलं, आत्ता काही सांगता येणार नाही, जसं वाटतं तसं भरा. त्यांनी ‘पूर्ण सहमत’ वर खूण केली. त्या उपघटकाच्या 32 पैकी चार गुण तिथेच गेले. बाईंनी बरोबर ओळखलं होतं.

मग कुणी संशोधक येतो, खुलेपणाचे गुण आणि धार्मिकतेचे गुण शेजारी ठेवतो आणि म्हणतो, धार्मिक लोक कमी खुले दिसतात. आडात जे ओतलं तेच पोहऱ्यात आलं. एका विधानाने सगळा संबंध तयार होत नाही हे खरं, पण एवढ्याशा सहसंबंधात एकेक विधानही जाणवतं. आणि गंमत म्हणजे सारोग्लू यांच्याच 2002 च्या विश्लेषणात कट्टर धार्मिकता आणि खुलेपणा यांचा संबंध उणे (एक जास्त तिथे दुसरं कमी) निघाला होता, तर शोधक, आध्यात्मिक वळणाच्या श्रद्धेचा आणि खुलेपणाचा संबंध अधिक. ‘धर्म’ कशाला म्हणता यावर चिन्ह बदलतं.

मानसिक आजार ओळखण्यासाठी बनवलेल्या जुन्या एमएमपीआय चाचणीची गोष्ट याहून उघड आहे. 1943 च्या त्या मूळ चाचणीत धार्मिक समजुतींवर थेट विधानं होती. 1989 च्या सुधारित आवृत्तीत आक्षेपार्ह म्हणून ज्या विधानांना कात्री लागली त्यात तीही होती. दरम्यान अमेरिकेत दुकानांतल्या सुरक्षारक्षकांच्या भरतीसाठी जुनीच विधानं असलेली 704 प्रश्नांची चाचणी वापरली जात होती. एका उमेदवाराने दावा लावला आणि 1991 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने उमेदवारांना धार्मिक श्रद्धेबद्दल असे प्रश्न विचारण्याला हरकत घेतली. सुरक्षारक्षकाचं काम आणि परलोकावरचा विश्वास यांचा संबंध कंपनीला दाखवता आला नव्हता.

याच जातीची आणखी एक चूक मला फार शिकवून गेली, कारण ती करणाऱ्यांनी ती स्वतःच जाहीर केली. कीथ स्टॅनोविच हे तर्कशुद्ध विचारांवर काम करणारं मोठं नाव. त्यांच्या प्रश्नावलीत ‘नवा पुरावा आला तर माणसाने आपल्या बिलीफ्स बदलायला हव्यात’ अशा धर्तीची विधानं होती. धार्मिक लोकांचे गुण बरेच कमी यायचे. 2019 मध्ये त्यांनी आणि मॅगी टोप्लॅक यांनी मान्य केलं की धार्मिक माणूस ‘बिलीफ’ वाचला की देवावरची श्रद्धा समजतो आणि इतर लोक साधं मत समजतात. शब्दरचना बदलल्यावर तो मोठा उणे संबंध बराच खाली आला. आता हेच विधान मराठीत आणायचं तर काय लिहाल? ‘मत बदलायला हवं’ की ‘श्रद्धा बदलायला हवी’? आपल्याकडे हे दोन शब्द वेगळे आहेत, तेव्हा अनुवादकाला निवड करावीच लागते. ‘मत’ लिहिलं तर श्रद्धाळू माणूस सहज हो म्हणेल, ‘श्रद्धा’ लिहिलं तर थबकेल. एकाच चाचणीच्या दोन अनुवादांतून दोन वेगळे निष्कर्ष निघतील, आणि कुणालाही वाटेल की माणसंच वेगळी आहेत. भाषांतरित चाचणी हातात आली की मी आधी असे शब्द शोधते.

अजून एक पदर समाजाचा. योहेन गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 66 देशांतल्या दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. जिथे समाज धार्मिक, तिथे मनमिळाऊपणा आणि धार्मिकता यांचा संबंध घट्ट. जिथे समाज फारसा धार्मिक नाही, तिथे तो विरळ. म्हणजे मनमिळाऊ माणूस श्रद्धेकडे ओढला जातो असं म्हणण्यापेक्षा, तो भोवतालच्यांशी जुळवून घेतो, आणि भोवतालचे धार्मिक असले तर धार्मिक होतो, असं म्हणणं जास्त बरोबर. तेव्हा घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य असलंच तर एवढंच: चारचौघांपासून वेगळं मत धरायला थोडा ताठपणा लागतो. सगळेच नास्तिक असलेल्या घरात देव मानायलाही तो लागेल.

‘तर्कप्रधान म्हणून नास्तिक’ या वाक्याचाही इतिहास बघण्यासारखा आहे. 2012 मध्ये विल जर्वेस आणि आरा नोरेन्झायन यांचा एक गाजलेला शोधनिबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. एका प्रयोगात काही लोकांना रोदँच्या ‘विचारवंत’ शिल्पाचं चित्र दाखवलं, काहींना थाळीफेक्याच्या प्राचीन शिल्पाचं. विचारवंत पाहिलेल्यांनी देवावरचा विश्वास कमी नोंदवला. बातम्या जोरात झाल्या. 2017 मध्ये दुसऱ्या गटाने हाच प्रयोग बऱ्याच मोठ्या नमुन्यावर केला, परिणाम सापडला नाही. 2018 मध्ये खुद्द जर्वेस यांनी 13 देशांत विश्लेषक विचारसरणी आणि नास्तिकता यांचा संबंध तपासला, तो एकंदर क्षीण आणि देशागणिक बदलणारा निघाला. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष असा स्वतःच्या हाताने बारीक करणारे शास्त्रज्ञ मला फार आवडतात.

मग 2021 मध्ये याच जर्वेस यांनी 1,417 अमेरिकनांच्या नमुन्यावर वेगवेगळी कारणं एकमेकांसमोर उभी केली. सर्वांत पुढे आली ती विचार करण्याची पद्धत नव्हती. पुढे आलं हे की लहानपणी आजूबाजूच्या मोठ्यांनी श्रद्धेसाठी काही झीज सोसलेली मुलाने किती पाहिली. नुसतं ‘देव आहे’ म्हणणारे घरात सगळेच असतात. त्यापायी स्वतःची सोय, वेळ, पैसा सोडताना कुणी दिसलं का? जिथे असं कमी दिसलं तिथे मुलं मोठेपणी अश्रद्ध होण्याची शक्यता जास्त. हा अभ्यास एकाच देशातला आहे, तेव्हा तोही जपूनच धरा. पण माझ्या खोलीतल्या अनुभवाशी तो जुळतो. अश्रद्धेवरून घरात ताण असलेली माणसं येतात तेव्हा मी विचारते, “लहानपणी तुमच्या घरात सगळ्यात श्रद्धाळू कोण होतं, आणि ते तुम्हाला कशावरून कळलं?” पहिल्या भागाचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्याला वेळ लागतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. चाचणी पुन्हा द्यायची तर द्या, पण पाच घटकांची द्या, आणि शक्यतो निदान चाळीस-पन्नास विधानांची. दहा विधानांच्याही आवृत्त्या आहेत, पण त्या संशोधकांच्या सोयीसाठी. एका माणसासाठी फार भरड. ज्या लोकांशी तुमची तुलना केली जाणार ते कोणत्या वयाचे आणि कोणत्या भाषेतले आहेत हे विचारा. सांगता आलं नाही तर तो निकाल बाजूला ठेवा. विधानांत धर्माचा उल्लेख दिसला तर कागदाच्या कडेला टीप करून ठेवा आणि निकाल वाचताना कोणत्या गुणात तो गेला ते बघा. तुम्हाला नीट ओळखणाऱ्या एकाला तुमच्याबद्दल तीच चाचणी भरायला सांगा. घरच्यांपैकी चालेल, पण देवावरून ज्यांच्याशी वाद होतो ते नकोत. महिना-दीड महिन्याने पुन्हा भरा, आणि तिन्ही निकाल शेजारी ठेवून जिथे पट्टे एकमेकांवर येतात तेवढंच खरं धरा.